डिस्क रिकामी, तरी 'जागा नाही'

पोस्टग्रेस डेटाबेसचा चौथा इन्स्टन्स, म्हणजे त्याच मशीनवर स्वतंत्र चालणारी चौथी प्रत, काही केल्या सुरू होईना. लॉगमध्ये दर वेळी तेच: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. मोकळी जागा दाखवणारं डीएफ चालवून बघितलं, तर डिस्क निम्मीही भरलेली नव्हती. आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपले असतील म्हणून तेही तपासले, ढीगभर शिल्लक होते. टेम्पचं पार्टिशन, लॉगचं पार्टिशन, सॉकेटची फाइल बनते ती डिरेक्टरी, एकेक करून सगळं पाहून झालं. जागा सगळीकडे होती आणि मशीन ठामपणे सांगत होतं की जागा नाही. अडीच तास मी डिस्कभोवतीच फिरत राहिले.

शेवटी आमच्या टीममधल्या वरिष्ठ सहकारी शेजारी येऊन बसल्या.

"एरर नीट वाचलीस?"

"वाचली ना. जागा संपली म्हणतोय."

"त्याच्या खालची ओळ वाच. कुठला कॉल फेल झालाय?"

खाली लिहिलं होतं, शेमगेट. म्हणजे शेअर्ड मेमरीचा, अनेक चालू प्रोग्रॅम (प्रोसेस) मिळून वापरतात त्या मेमरीचा, तुकडा कर्नेलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) मागणारा सिस्टिम कॉल. आणि त्याच्याही खाली पोस्टग्रेसने स्वच्छ सूचना दिली होती की या एररचा अर्थ डिस्कवरची जागा संपली असा होत नाही. त्या वाक्यातल्या 'नाही'च्या दोन्ही बाजूंना चांदण्या टाकलेल्या आहेत. हे पोस्टग्रेस लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की माणूस पहिली ओळ वाचून डिस्ककडे धावणार. मी अगदी तशीच धावले होते.

मशीनची हकिकत थोडी आधीपासून सांगायला हवी. चाचणीसाठी ६४ जीबी मेमरीचा एक सर्व्हर मिळाला होता. त्यावर ३.२ मालिकेतला लिनक्स कर्नेल आणि पोस्टग्रेस ९.१. पाच टीम, प्रत्येकीला आपापला इन्स्टन्स, पोर्ट ५४३२ ते ५४३६. प्रत्येक इन्स्टन्सला २ जीबी शेअर्ड बफर (डिस्कवरचा डेटा हाताशी ठेवायची सामायिक मेमरी) आणि ४०० कनेक्शनची मुभा. चारशे का, तर अ‍ॅप्लिकेशनवाल्यांनी तेवढी मागितली म्हणून. त्यावर कुणी प्रश्न विचारला नाही, मीही नाही.

पहिला इन्स्टन्स लावतानाच एकदा अडले होते. तेव्हाही शेमगेटच फेल झाला होता, पण एरर होती 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. कारण शेममॅक्स. एका प्रोसेसला एका वेळी शेअर्ड मेमरीचा केवढा मोठा सेगमेंट मागता येईल, ती ही मर्यादा. त्या कर्नेलमध्ये ती मुळात ३३५५४४३२ बाइट, म्हणजे फक्त ३२ एमबी होती. पोस्टग्रेस ९.१ आपली सगळी सामायिक मेमरी एकाच सेगमेंटमध्ये मागतो. २ जीबी बफर, त्याच्या हिशोबाच्या नोंदी, लॉकची टेबलं आणि कनेक्शनची जागा मिळून मागणी होत होती सव्वादोन अब्ज बाइटच्या जरा खाली. मी शेममॅक्स ४ जीबी केला, इन्स्टन्स उठला, विषय संपला असं मला वाटलं. दुसरा आणि तिसरा तर विनातक्रार सुरू झाले. चौथ्याला ही भिंत लागली.

या वेळची मर्यादा शेमऑलची होती. शेममॅक्स एका सेगमेंटपुरता असतो, शेमऑल अख्ख्या सिस्टिमचा: सगळ्यांचे सेगमेंट मिळून किती. तिचं मूळ मूल्य होतं २०९७१५२. हा आकडा बघून मी पहिल्यांदा गोंधळलेच, कारण बाइट धरले तर ते अवघे २ एमबी होतात, मग तीन इन्स्टन्स चालले तरी कसे? शेमऑल बाइटमध्ये नसतो, पेजमध्ये मोजतात. पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा, ४०९६ बाइटचा. २०९७१५२ गुणिले ४०९६ म्हणजे बरोबर ८ जीबी. आमचा प्रत्येक इन्स्टन्स २ जीबीपेक्षा सत्तर-ऐंशी एमबी जास्त घेत होता. तिघांचे मिळून सव्वासहा जीबी झाले, चौथा आला की आकडा आठाच्या वर. बफर नेमके दोन-दोन जीबी असल्यामुळे कागदावर मांडताना 'चार दुणे आठ, बसतंय की' असंच कुणालाही वाटलं असतं. वरचे ते ऐंशी एमबी नडले.

मी शेमऑल वाढवला. १६ जीबी पुरे होतील असा हिशोब केला आणि १७१७९८६९१८४ हा आकडा टाकला. चौथा इन्स्टन्स लगेच उठला आणि त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला.

हा आकडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

पाचवा इन्स्टन्स लावायची वेळ आली ती दोन आठवड्यांनी. सुरू केला, पडला. लॉग उघडला, तर तेच वाक्य: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. या वेळी मी डिस्ककडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला आता माहीत होतं ना! शेमऑल कमी पडला असणार. सरळ दुप्पट केला, परत सुरू केला. परत पडला. चौपट केला. तरीही पडला.

मग थांबले आणि खालची ओळ वाचली. कॉल होता सेमगेट. मागच्या वेळी 'शेम' होतं, या वेळी 'सेम'. एका अक्षराचा फरक, आणि मामला पूर्ण वेगळा. शेअर्ड मेमरीचा इथे काही संबंधच नव्हता, सेमाफोर संपले होते.

असं का होतं ते मी नंतर नीट समजून घेतलं. कर्नेल अपयशाचं कारण वाक्यात सांगत नाही, क्रमांकात सांगतो. २८ नंबर म्हणजे जागा नाही, २२ नंबर म्हणजे चुकीचं आर्ग्युमेंट. त्या क्रमांकाचं वाक्य सी लायब्ररी बनवते, आणि २८चं वाक्य डिस्कसारख्या उपकरणांकडे बघून लिहिलेलं आहे. शेमगेटला एकूण मेमरीची मर्यादा लागली तरी २८, सेगमेंटची संख्या संपली तरी २८, सेमगेटला सेमाफोर मिळाले नाहीत तरी २८. क्रमांकाला इतके अर्थ आहेत आणि वाक्य मात्र एकच. म्हणून वाक्यावर विसंबून चालत नाही, कॉलचं नाव आणि त्याला दिलेले आकडे बघावे लागतात.

आकडे होते ५४३६०२५, १७ आणि ०३६००. यातला पहिला आकडा मला फार आवडतो. पोस्टग्रेस ९.१ सेमाफोरची किल्ली पोर्ट नंबरवरून बनवतो: पोर्टला हजाराने गुणायचं आणि पुढे एकेक वाढवत जायचं. पाचव्या इन्स्टन्सचा पोर्ट ५४३६, म्हणजे पहिली किल्ली ५४३६००१. कॉल फेल झाला ५४३६०२५ला. चोवीस संच मिळाले आणि पंचविसाव्याला नकार आला, हे एका आकड्यात लिहिलेलं होतं. मी दोन वेळा त्याच्यावरून नजर फिरवून पुढे गेले होते.

सेमाफोरबद्दल दोन शब्द. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एड्सखर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली, आणि नाव आलं ते रेल्वेच्या हात वर-खाली होणाऱ्या सिग्नलवरून. मुळात तो एक आकडा असतो. पुढे जायचं तर तो एकने कमी करायचा, शून्य असेल तर थांबून राहायचं, आणि काम झालं की दुसऱ्याने तो वाढवून थांबलेल्याला उठवायचं. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनच्या प्रोसेसला स्वतःचा एक सेमाफोर असतो. एखाद्या लॉकसाठी ताटकळायची वेळ आली की ती प्रोसेस आपल्या सेमाफोरवर झोपते. जितकी कनेक्शनं, तितके सेमाफोर, आणि ते कनेक्शन येण्याची वाट न बघता इन्स्टन्स सुरू होतानाच घेऊन ठेवले जातात.

घेताना मात्र ते सुटे मिळत नाहीत. युनिक्सच्या सिस्टिम व्ही पद्धतीत सेमाफोर संचाने घ्यावे लागतात. पोस्टग्रेस ९.१ सोळा-सोळाचे संच करतो आणि प्रत्येक संचात एक सतरावा जास्तीचा घेतो. त्या सतराव्यात एक ठरावीक खुणेचा आकडा ठेवलेला असतो, म्हणजे किल्ली योगायोगाने जुळली तरी दुसऱ्याच प्रोग्रॅमच्या संचाला चुकून हात लागायला नको. लॉगमधला १७ तो हाच.

आता मर्यादा. कर्नेलची माहिती दाखवणाऱ्या प्रोक डिरेक्टरीखालच्या सेम नावाच्या फाइलमध्ये चार आकडे एका ओळीत असतात आणि कुठला कशाचा हे तिथे कुठेही लिहिलेलं नसतं. आमच्याकडे होतं: २५० ३२००० ३२ १२८. पहिला सेमएमएसएल, एका संचात जास्तीत जास्त किती सेमाफोर. दुसरा सेमएमएनएस, सगळ्या सिस्टिममध्ये मिळून किती. तिसरा सेमओपीएम, एका कॉलमध्ये किती क्रिया. चौथा सेमएमएनआय, एकूण संच किती. २५० गुणिले १२८ म्हणजे ३२०००, दुसरा आकडा त्यातूनच आलेला.

वहीत हिशोब मांडला. चारशे कनेक्शन, ऑटोव्हॅक्यूमच्या, म्हणजे आपोआप साफसफाई करणाऱ्या, तीन प्रोसेस आणि वरच्या दोन-चार, भागिले सोळा, वरच्या पूर्णांकात: सव्वीस संच. चार इन्स्टन्सचे १०४. पाचव्याचे आणखी सव्वीस म्हणजे १३०. मर्यादा १२८ची.

दोन संचांनी अडलं होतं. आणि ३२०००पैकी सेमाफोर किती वापरात होते? १०४ गुणिले १७, म्हणजे १७६८. सहा टक्केसुद्धा नाहीत. सेमाफोर मुबलक होते, ते ठेवायचे संच संपले होते.

हिशोब पटतो का ते ताडून बघायला सेमाफोर आणि शेअर्ड मेमरी दाखवणारं आयपीसीएस चालवलं. त्याला 'एल' पर्याय दिला की मर्यादा दिसतात, 'यू' दिला की सध्याचा वापर. वापरात बरोबर १०४ संच, १७६८ सेमाफोर. इथे एक गोष्ट आपोआप तपासून झाली. सिस्टिम व्हीचे सेमाफोर आणि सेगमेंट प्रोसेस मेली म्हणून नाहीसे होत नाहीत. कुणीतरी ते काढावे लागतात, नाहीतर मशीन बंद होईपर्यंत ते कर्नेलमध्ये पडून राहतात. प्रोसेसला किल नाइन (सक्तीने बंद करायचा सिग्नल) देऊन मारलं की अशी बेवारस ओझी मागे उरतात. बऱ्याच ठिकाणी संच संपण्याचं खरं कारण हेच असतं, आणि तिथे मर्यादा वाढवणं म्हणजे दुखणं झाकणं. आमचा आकडा चार गुणिले सव्वीसशी तंतोतंत जुळत होता, म्हणजे बेवारस काहीच नव्हतं. मर्यादा वाढवायला हरकत नव्हती.

त्याच यादीत वर शेअर्ड मेमरीच्या मर्यादा दिसत होत्या आणि तिथे माझी नजर थबकली. एकूण शेअर्ड मेमरी, केबीमध्ये, अकरा अंकांच्याही पुढे गेलेली. मी दुप्पट-चौपट केली होती हे खरं, तरी हा आकडा फारच मोठा होता. मागे गेले, दोन आठवड्यांपूर्वीची नोंद काढली. १७१७९८६९१८४. ते १६ जीबीचे बाइट होते. शेमऑल पेजमध्ये मोजतात हे मी त्याच दिवशी शिकले होते, वहीत लिहून ठेवलं होतं, आणि तासाभराने हात बाइटचाच आकडा टाइप करून मोकळा झाला होता. तेवढी पेजं म्हणजे ६४ टीबी. ६४ जीबी मेमरीच्या मशीनला ६४ टीबीची मर्यादा.

यातून बिघडलं काहीच नाही. शेमऑल वाढवल्याने मेमरी अडवून ठेवली जात नाही, ती नुसती वरची रेघ आहे. पण रेघ असून नसल्यासारखी झाली. एखाद्या इन्स्टन्सने चुकून २०० जीबी मागितले असते तर कर्नेलने या मर्यादेपाशी त्याला अडवलं नसतं. ज्या चुकीने काहीतरी बंद पडतं ती सापडते. ही चूक सगळं चालू करून गेली होती, म्हणून दोन आठवडे कुणाला दिसली नाही. शेमऑल ४१९४३०४ केला, म्हणजे खरोखर १६ जीबी. सेमाफोरची ओळ केली २५० ६४००० ३२ २५६. चारपैकी फक्त शेवटचा बदलायचा असला तरी चारही लिहावे लागतात, क्रमाने. पाचवा इन्स्टन्स उठला.

मध्ये एक रीबूट झाला आणि पाचवा इन्स्टन्स परत झोपला, कारण मी सेमाफोरची ओळ चालू कर्नेलमध्ये लिहिली होती, फाइलमध्ये नव्हती. हे सगळ्यांचं एकदा होतं. मशीन सुरू होताना कर्नेलची सेटिंग वाचली जातात त्या सिसकंट्रोलच्या डिरेक्टरीत वेगळी फाइल केली. तिथे एकच पॅरामीटर दोन फाइलींत असेल तर नावाच्या क्रमाने नंतर वाचली जाणारी फाइल जिंकते, म्हणून फाइलला मोठा क्रमांक दिला. पुढे.

खरा विचार करायला लावला तो पुढच्या महिन्याने. पाचही टीम जोरात कामाला लागल्या आणि मशीन स्वॅपमध्ये जायला, म्हणजे मेमरी अपुरी पडून डिस्क वापरायला लागलं. हिशोब लागेना. शेअर्ड मेमरी साडेदहा जीबीच्या आत, प्रोसेसची स्वतःची मेमरी मिळवली तरी काही जीबी बेपत्ता. मेमरीचा तपशील देणारी मेमइन्फो फाइल ओळीओळीने वाचत गेले आणि 'पेजटेबल्स' या ओळीवर थांबले. सात जीबीच्या आसपास आकडा होता.

प्रोसेसला दिसणारा मेमरीचा पत्ता आणि प्रत्यक्ष मेमरीतली जागा यांची सांगड घालणारी ही यादी असते. दर पेजला एक नोंद, दर नोंद ८ बाइटची. २ जीबीच्या सेगमेंटमध्ये ४ केबीची ५२४२८८ पेजं बसतात, म्हणजे यादी झाली ४ एमबीची. चार एमबी कुणाच्या डोळ्यांत भरणार? पण सेगमेंट सामायिक असला तरी ही यादी सामायिक नसते. प्रत्येक प्रोसेसची वेगळी. चारशे कनेक्शननी हळूहळू सगळे बफर हाताळले की एका इन्स्टन्सचे १६०० एमबी, पाचांचे आठ जीबी. तेही एकाही बाइटचा डेटा न साठवता, नुसत्या पत्त्यांच्या नोंदींत.

मग मी जो प्रश्न सुरुवातीला विचारायला हवा होता तो विचारला. चारशे कनेक्शनपैकी एका वेळी काम किती करतात? आठवडाभर मोजलं. कुठल्याही इन्स्टन्सवर एका क्षणी तिसाच्या वर कधी गेलं नाही, बाकीची नुसती उघडी. अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेसच्या मध्ये कनेक्शन पूलर (थोडी कनेक्शनं सगळ्यांत आळीपाळीने वाटणारा प्रोग्रॅम) बसवला आणि मर्यादा शंभरावर आणली. पेजच्या याद्या जास्तीत जास्त दोन जीबीत बसल्या, स्वॅप थांबलं.

आणि सेमाफोर? शंभर कनेक्शनचे सात संच होतात. पाच इन्स्टन्सचे पस्तीस. कर्नेलची मूळची १२८ची मर्यादा आरामात पुरली असती. म्हणजे ज्या दिवशी पाचवा इन्स्टन्स अडला त्या दिवशी कर्नेल मला एक उपयोगी गोष्ट सांगत होता, की एवढ्या प्रोसेस या मशीनवर कशाला? मी रेघ पुढे सरकवली आणि तो प्रश्न महिनाभर पुढे ढकलला. तेव्हापासून कुणी कर्नेलची मर्यादा वाढवून मागितली की मी आधी मागणीचा हिशोब मांडून घेते, आणि निम्म्या वेळा काम तिथेच संपतं.

काही वर्षांनी मशीन बदललं. नवा कर्नेल ४.९, पोस्टग्रेस ९.६. जुन्या सर्व्हरवरच्या सगळ्या सेटिंगच्या फाइली जशाच्या तशा नव्यावर नेल्या, आमची सिसकंट्रोलची फाइलही. पोस्टग्रेस झकास चालला. आठवड्याभराने दुसऱ्या टीमचा एक प्रोग्रॅम त्याच मशीनवर मरायला लागला. एरर होती 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग'. त्यांनी दोन दिवस कमांडची आर्ग्युमेंट तपासली, आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं.

"कुठला कॉल फेल झालाय?" मी विचारलं.

सिस्टिम कॉल दाखवणारं एसट्रेस लावून बघितलं. सेमऑप. सेमाफोरवर क्रिया करणाऱ्या या कॉलला एका वेळी बत्तीसपेक्षा जास्त क्रिया दिल्या होत्या. सेमओपीएमची मर्यादा ओलांडली की कर्नेल हाच क्रमांक देतो, आणि त्या क्रमांकाचं वाक्य हे. बत्तीस कुठून आलं? आमच्या फाइलमधून. लिनक्स ३.१९ पासून सेमाफोरची मूळ मूल्यंच बदलली आहेत: ३२०००, १०२४००००००, ५००, ३२०००. शेममॅक्सचं ३.१६ मध्येच झालं होतं, आता तो मुळातच वीस अंकी आकडा आहे, म्हणजे व्यवहारात मर्यादा नाहीच. वाढवण्यासाठी लिहिलेली आमची फाइल नव्या कर्नेलवर प्रत्येक मर्यादा खाली ओढत होती. ५००चे ३२, ३२००० संचांचे २५६. नवीन मशीनवर जुनी फाइल टाकण्याआधी एकदा आयपीसीएस चालवून बघितलं असतं तर लगेच दिसलं असतं. आता बघते, आधी आणि नंतर, आणि दोन्ही जपून ठेवते.

पोस्टग्रेसला तर शेममॅक्सची गरज ९.३ पासूनच उरली नव्हती. तेव्हापासून तो मुख्य मेमरी एममॅप या दुसऱ्या कॉलने घेतो आणि सिस्टिम व्हीचा एक चिमुकला सेगमेंट फक्त राखणीला ठेवतो, एकाच डेटा डिरेक्टरीवर दोन इन्स्टन्स चढू नयेत म्हणून. सेमाफोर मात्र ९.६ मध्येही सिस्टिम व्हीचेच होते, आणि त्यांनी आणखी एकदा दमवलं. एका टीमने आपला इन्स्टन्स स्वतःच लावला, त्यासाठी साधा युजर बनवून. रात्री सगळं ठीक, त्या युजरने लॉगआउट केलं की काही वेळात डेटाबेस कोसळायचा, लॉगमध्ये सेमऑप आणि 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. लिनक्सवर सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या लॉगिन व्यवस्थेत रिमूव्ह-आयपीसी नावाचं एक सेटिंग आहे आणि त्याच्या मूळ रूपात ते चालू असतं. युजरचं शेवटचं सेशन संपलं की त्याच्या नावावरचे सेमाफोर आणि शेअर्ड मेमरी साफ करून टाकतं. सिस्टिम युजरना त्यातून वगळलेलं असतं, साध्या युजरना नाही. बेवारस ओझी उचलणं हाच त्याचा हेतू, पण इथे चालत्या डेटाबेसखालचे सेमाफोर उचलले जात होते. डेटाबेस सिस्टिम युजरखाली नेला आणि ते सेटिंगही बंद केलं.

नव्या मशीनवर शेअर्ड बफर ८ जीबी केले, तेव्हा पेजच्या याद्यांची आठवण ताजी होती. या वेळी ह्यूज पेजेस घेतली, ४ केबीऐवजी २ एमबीचं एकेक पेज. आठ जीबीला ४०९६ पेजं पुरतात, वरच्या सामानासकट मी ४३०० मागितली. चालू मशीनवर ती मागितली तर तीन हजारांच्या आसपासच मिळाली. सलग दोन एमबीचे मोकळे तुकडे तेवढेच उरले होते. रीबूटनंतर सगळी मिळाली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पोस्टग्रेसमधलं ह्यूज पेजेसचं सेटिंग मुळात 'ट्राय' असतं. मिळाली तर घेतो, नाहीतर मुकाट्याने साध्या पेजवर सुरू होतो. मग राखून ठेवलेले साडेआठ जीबी तसेच पडून राहतात, दुसरं कुणी ते वापरू शकत नाही, आणि डेटाबेस वर आणखी आठ जीबी घेतो. मी ते 'ऑन' केलं. ह्यूज पेजेस कमी पडली तर इन्स्टन्स उठणारच नाही आणि ते मला त्याच मिनिटाला कळेल.

सिसकंट्रोलच्या फाइलमधून शेममॅक्स, शेमऑल आणि सेमाफोर या तिन्ही ओळी काढून टाकल्या. उरली ती ह्यूज पेजेसची, आणि तिच्या डोक्यावर मी हिशोब लिहून ठेवला आहे: किती बफर, वर किती सामान, भागिले दोन एमबी, कुठल्या तारखेला मोजलं, कुठल्या कर्नेलवर. बफर बदलले की ही ओळ बदलायची, असंही.

पुढे पोस्टग्रेस १० वर गेलो. त्या आवृत्तीपासून लिनक्सवर सेमाफोर पॉसिक्स या दुसऱ्या पद्धतीचे असतात आणि ते शेअर्ड मेमरीतच राहतात. स्थलांतर झाल्यावर सवयीने आयपीसीएस चालवलं. सेमाफोरच्या भागात मथळ्याखाली एकही ओळ नव्हती. शेअर्ड मेमरीच्या भागात एक ओळ होती, मालक पोस्टग्रेस, आकार ५६ बाइट.